दुसऱ्या बाजूची बटणं

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात आणि मग किंमत विचारतात. किंमत ऐकली की हसायचं थांबतात.

मी लोकांच्या घरी व्हिडिओ गेमची मशिनं बनवून देतो. टीव्हीला जोडायची ती छोटी डबी नव्हे. माणसाच्या उंचीचं प्लायवुडचं उभं कपाट, वर दिव्याची रंगीत पाटी, मध्ये पडदा आणि खाली फळीवर दांडी नि बटणं. पूर्वी स्टेशनच्या बाहेर, थिएटरच्या बोळात, एसटी स्टँडच्या मागे पार्लरं असायची, त्यात असायचं तसं. तेव्हा ते एका नाण्यावर चालायचं. आता तेच घरात हवं असेल तर लाखाच्या आसपास खर्च येतो, आणि हौसेला तर वरची पट्टीच नाही. आमचे मेहुणे दर लग्नकार्यात मला गाठून म्हणतात, "एवढ्यात चांगली मोटारसायकल येते की." येते ना. पण मोटारसायकलवर बसून माणूस परत चौदा वर्षांचा होत नाही.

मी मूळचा टीव्ही मेकॅनिक. नाशिकला द्वारकेच्या चौकापासून जरा आत माझं दुकान होतं. पार्लरवाल्यांच्या मशिनात टीव्हीसारखीच पिक्चर ट्यूब असायची, ती बिघडली की ते माझ्याकडे यायचे. ट्यूबवरून मी बोर्डावर गेलो, बोर्डावरून दांडीवर. ज्यांच्याकडे काम शिकलो ते उस्ताद एकच नियम सांगून गेले: मशिन दुरुस्त करायचं, खेळायचं नाही. हलवाई स्वतः मिठाई खायला लागला की दुकान बसतं. मी तो नियम पाळला. दुरुस्तीनंतर चाचणीपुरतं चार बुक्क्या मारायच्या, दोन उड्या मारायच्या आणि बंद करायचं. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण मी स्वतः एकही खेळ शेवटपर्यंत खेळलेलो नाही.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले, हातोहाती मोबाइल आले आणि पार्लरं बसली. मशिनं भंगारात गेली. लोखंडाच्या भावाने त्यांचं वजन होताना मी पाहिलंय. माझं पण आता तेच होणार असं वाटलं होतं. पण तेव्हाची पोरं मोठी झाली, पगारदार झाली, फ्लॅटचे हप्ते फिटत आले आणि त्यांच्या हाताला खाज सुटली. ती मला शोधत आली. माझं म्हातारपण त्यांच्या लहानपणावर चाललंय म्हणा ना.

या लोकांना वेडे म्हणायला सोपं आहे. मी पण सुरुवातीला म्हणायचो. कॉलेज रोडला एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी मोटार शर्यतीच्या खेळासाठी खास खुर्ची, स्टिअरिंग, पायात पेडल आणि समोर तीन पडदे असं सगळं करून घेतलं. त्याच्यात खरी गाडी आली असती. खरी गाडी त्यांच्याकडे आहेच, पण द्वारकेच्या ट्रॅफिकला घाबरून ते दवाखान्यात रिक्षाने जातात. काम पूर्ण झाल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला, स्टिअरिंग आवाज करतंय. गेलो, तर आवाज काही नाही. चहा झाला, त्यांनी मला एक अख्खी शर्यत करून दाखवली. पुढच्या पंधरवड्यात परत आवाज आला. परत चहा, परत शर्यत. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी हत्यारांची पिशवी खालीच ठेवली आणि सरळ खुर्ची ओढून बसलो. त्यांना दुरुस्ती नको होती, बघणारा हवा होता. मंडळी मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याला राहायला गेलेली आणि घरात हे एकटे.

दुसरे एक कांद्याचे व्यापारी. त्यांनी अट घातली की नाणं टाकायची फट पाहिजे आणि नाणं टाकल्याशिवाय मशिन सुरू व्हायला नको. घर त्यांचं, मशिन त्यांचं, नाणी त्यांची. स्वतःच टाकायची आणि गल्ला भरला की स्वतःच कुलूप उघडून काढायची. मी म्हटलं, शेठ, हा कुठला व्यवहार? ते म्हणाले, फुकट खेळण्यात जीव लागत नाही. ते खरं आहे. पण त्यांच्या मशिनला एक गोष्ट मी पाहिली, ती सांगतो. पार्लरमध्ये एक रीत होती. कोणी खेळत असला की मागचा पोरगा आपलं नाणं काचेच्या खालच्या कडेवर ठेवायचा. म्हणजे पुढचा नंबर माझा. भांडण नाही, बोलणं नाही, नाणं ठेवलं की झालं. शेठ खेळायला उभे राहिले की आधी एक नाणं त्या कडेवर ठेवतात. मागे कोणी नसतं. खेळ संपला की तेच नाणं उचलून परत खेळतात.

आता जरा धंद्यातली गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खेळाच्या दांडीला जॉयस्टिक म्हणतात. फळीखाली तिच्या बुडाशी चार बारीक स्विच असतात आणि दांडीला मध्ये आणणारी एक स्प्रिंग असते. दांडी ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूचा स्विच टक् करून दबतो आणि पडद्यावरचा माणूस तिकडे चालतो. बटणाने तो मारतो, उडी घेतो. वापराने स्प्रिंग सैल पडते, बूड झिजतं, बटणाचा दट्ट्या बसतो. सगळ्यात आधी मारायचं बटण जातं, कारण खेळणारा माणूस जीव खाऊन तेच बडवतो. मी दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला जातो आणि फळी उलटी करून बघतो. डॉक्टर जीभ बघतात तसं.

जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक दोघांचं मशिन मागतं. डावीकडे एकाची दांडी नि बटणं, उजवीकडे दुसऱ्याची. मित्र येतील, पोरगा खेळेल, बायकोला शिकवू. सहा महिन्यांनी फळी उलटी केली की पहिली बाजू झिजलेली आणि दुसरी मी बसवली तशीच, स्प्रिंगला तेलाचा वास सुद्धा अजून असतो. मित्र पहिल्या दिवशी येतात, फोटो काढतात, जातात. पोरगा मोबाइलवर असतो. मी पहिल्या बाजूचं सामान बदलतो आणि दुसऱ्या बाजूवरून फडकं मारतो. पण घरी आल्यावर मला जेवण जात नाही असे दिवस असतात. माझी मंडळी देवाघरी गेली, मुलगी बंगळुरूला, आणि मी घरोघरच्या न झिजलेल्या बाजू बघून दोन खोल्यांत परत येणारा माणूस. मला ते दुखतं, आणि दुखतं म्हणायला आता लाज वाटत नाही.

सुजाताताईंकडे मी मागल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलो. त्या नाशिकरोडला रेल्वेच्या ऑफिसात आहेत, जवळच उपनगर नावाच्या भागात छोटा फ्लॅट, एकट्या. माझ्या गिऱ्हाइकांत बाई पहिलीच. मला वाटलं भाच्या-पुतण्यासाठी असेल. त्यांनी चहा ठेवला आणि चहा उकळायच्या आत काय पाहिजे ते सांगून टाकलं. मनमाडला स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये एक खेळ होता, दोघं मिळून रस्त्याने गुंडांना बडवत जायचं, तो. पडदा रंगाने जरा भडक, तसाच. आणि दुसऱ्या खेळाडूची बाजू उलटी करायची. म्हणजे बटणं डाव्या हाताला आणि दांडी उजव्या.

अशी फळी मी आजवर केली नव्हती. सगळीकडे दांडी डावीकडे नि बटणं उजवीकडे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझा भाऊ डावरा आहे."

मग हळूहळू त्या बोलल्या, त्या दिवशी थोडं, लाकूडकाम दाखवायला नेलं तेव्हा थोडं. वडील मनमाडला रेल्वेत सांधेवाले, गाडीचे रूळ बदलणारे. मिलिंद हा धाकटा भाऊ. शाळेतून थेट घरी न येता पार्लरमध्ये जायचा, आणि आई ताईंना त्याला आणायला पाठवायची. त्या आणायला जायच्या आणि तिथेच राहायच्या. दुपारची गर्दी नसायची, पार्लरवाला वडिलांच्या ओळखीचा, दोघांना खेळू द्यायचा. मिलिंदला मारायचं डाव्या हातानेच जमायचं, आणि बटणं तर उजवीकडे. म्हणून तो दोन्ही हातांची कात्री करायचा. डावा हात वरून बटणांवर, उजवा हात खालून दांडीवर. सगळं पार्लर हसायचं. पण तसाही तो छान खेळायचा.

"त्या खेळाची एक गंमत होती," ताई म्हणाल्या. "एकजण कितीही पुढे पळाला तरी मागचा आल्याशिवाय पडदा सरकायचा नाही. मी पुढे जाऊन कडेला अडकून पडायचे आणि ओरडायचे, मिलिंदा, ये लवकर."

वडील नोकरीत असतानाच गेले. रेल्वेत अशा वेळी घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळते. ताई नुकत्याच अठरा पूर्ण, मिलिंद चौदाचा. नोकरी ताईंना लागली, दुसरं होण्यासारखं नव्हतंच. त्या पगारावर आईचं दुखणं झालं, मिलिंदची शाळा झाली, ताईंचं लग्न राहून गेलं. पण मिलिंद मोठा झाला तसे चार नातेवाईक त्याच्या कानाशी लागले, की बापाची नोकरी पोराची असते, तुझ्या ताटातलं बहिणीने उचललं. नोकरी काही सदरा नव्हे अंगातून काढून द्यायला. पण हे त्याला कोण सांगणार? आईच्या दिवसकार्याला तो आला, शेवटी उठला आणि म्हणाला, नोकरी तुझी झाली, आई पण तुझीच झाली, आता मला काय काम. तो गेला तो गेलाच. घोटीला त्याचं मोबाइलचं दुकान आहे हे ताईंना दुसऱ्यांकडून कळलेलं.

"फोन केला तर उचलत नाही. राखी पाठवली तर परत येत नाही आणि पोचली असंही कळवत नाही," ताई म्हणाल्या. "मग म्हटलं, तो ज्यासाठी घरी यायचं टाळायचा, तेच घरात आणावं."

ऑफिसातल्या बायकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. ताईंचं म्हणणं असं की एवढ्याच पैशांचं सोनं केलं असतं तर सगळ्यांनी हात लावून बघितलं असतं. मी त्यांना किंमत कमी करायची तयारी दाखवली तर रागावल्या. माझ्या भावाच्या वाटणीचं आहे, त्यात घासाघीस नको, म्हणाल्या.

फळी कापताना माझा घोटाळा झालाच. हाताला सवय, दोन्ही बाजूंना भोकं नेहमीसारखीच पाडली, दांडी डावीकडे. ताईंनी वर्कशॉपमध्ये येऊन पाहिलं आणि दुसऱ्या बाजूला उभ्या राहून हातांची कात्री करून दाखवली. मी नवी फळी घेतली. मशिन एप्रिल सरायच्या आत पोचतं केलं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली आई-वडिलांचा, आणि समोर हे झगमगणारं कपाट. ताईंनी बटण दाबून आवाज ऐकला आणि डोळे पुसले. खेळल्या मात्र नाहीत.

सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला गेलो. फळी उलटी केली. पहिली बाजू जराशी वापरलेली, दुसरी कोरी. त्यांनी बघितलं की मी बघितलं. म्हणाल्या, तुम्ही घोटीच्या बाजूला जाता ना?

जातो. हायवेवरच्या एका हॉटेलात लहान मुलांसाठी दोन मशिनं आहेत, त्यांचं काम माझ्याकडे आहे. ताईंनी निरोप दिला, तो एवढाच, की मशिन आणलंय, बघून जा. बाकी काही बोलायचं नाही असं मला बजावलं.

मिलिंदचं दुकान घोटीच्या बाजारपेठेत, भाताच्या गोण्यांच्या गाड्या लागतात त्या रांगेत. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, कपाळावर चष्मा, एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच चिकटवत होता. मी ओळख दिली, निरोप सांगितला. त्याने मान वर केली नाही.

"पैशे लय झाले आसतील तर बँकेत ठेव म्हणा," तो म्हणाला. "मी काय लहान हाय का आता, व्हिडिओ खेळायला?"

मी बरं म्हणून पिशवी उचलली. पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला.

"दांडी कोणत्या हाताला हाय?"

"उजव्या," मी म्हटलं. "बटणं डावीकडे. तुमच्या बाजूची उलटी करून घेतलीय त्यांनी."

त्याच्या हातातल्या काचेखाली हवेचा फुगा राहिला. तो बोटाने दाबत राहिला, फुगा इकडचा तिकडे गेला, निघाला नाही. शेवटी त्याने ती काच उचकटून टाकली, गिऱ्हाइकाला थांबा म्हणाला आणि नवी घेतली. मी निघालो. मी ताईंना फोन करून सांगितलं की निरोप दिला. काय म्हणाला, त्यांनी विचारलं. दांडी कोणत्या हाताला आहे ते विचारलं, एवढंच मी सांगितलं. बाकीचं गिळलं. त्या म्हणाल्या, म्हणजे येईल.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी गेलो आणि फळी उलटी केली, तर दुसऱ्या बाजूची दांडी चांगलीच सैल झालेली. बूड झिजलेलं, उजवीकडचा स्विच तर मेल्यात जमा. माझा आनंद पोटात मावेना. न झिजलेल्या बाजू बघून बघून डोळे थकले होते, त्यांना हे दिसलं. मी तिथूनच ओरडलो, ताई, आले म्हणायचे मिलिंदभाऊ.

ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. नाही आला, म्हणाल्या.

तेव्हा मी परत नीट बघितलं, आणि मग मला दिसलं. दांडी झिजलेली होती, पण मारायची बटणं कोरीच होती. एकाचाही दट्ट्या बसलेला नाही. असं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. खेळणारा माणूस आधी बटणं मारून टाकतो. हा दुसरा खेळाडू नुसता चालला होता, तोही उजवीकडेच, आणि त्याने कोणाला एक बुक्की मारलेली नव्हती.

ताईंनी मग करून दाखवलं. दोघांचा खेळ सुरू केला. दोन माणसं रस्त्यावर उभी राहिली. ताई आपल्या बाजूने खेळल्या, आणि चांगल्या खेळल्या. दुसरा तसाच उभा. त्याच्यावर गुंड धावून आले की ताई मागे फिरून आधी त्यांना आवरायच्या. रस्ता मोकळा झाला की पुढे जायच्या आणि पडद्याच्या कडेला अडकायच्या. मग आपली दांडी सोडून, सरकून दुसऱ्या बाजूला जायच्या, ती दांडी उजवीकडे धरून ठेवायच्या आणि त्याला चालवत आपल्या माणसापर्यंत आणायच्या. पडदा थोडा सरकायचा. परत आपल्या जागी. परत गुंड. परत तिकडे.

मी म्हटलं, ताई, एकट्याचा खेळ पण आहे त्यात. तो लावला तर असं पळावं लागणार नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "एकट्याचा लावला की तो दिसत नाही."

मी फळी मांडीवर घेऊन बसलो. नवी दांडी बसवायला नेहमी लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ लावला, कारण मान खाली ठेवायला काहीतरी हवं होतं. काम झाल्यावर चाचणी करायची तर ताई म्हणाल्या, दोन मिनिटं तुम्ही उभे राहता का त्या बाजूला?

उस्तादांचा नियम मी त्या दिवशी मोडला. दुसऱ्या बाजूला उभा राहिलो, पण मी उजव्या हाताचा माणूस. दांडी उजवीकडे नि बटणं डावीकडे, माझ्या हातांना काही समजेना. पडद्यावर मार खायला लागलो. शेवटी मी हातांची कात्री केली. उजवा हात वरून बटणांवर, डावा खालून दांडीवर. तसं जमलं. मी एकाला पाडलं सुद्धा.

ताईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि हसल्या. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. तो पण असाच दिसायचा, म्हणाल्या. आम्ही दोघं त्या रस्त्याने पुढे जात राहिलो आणि पडदा न अडता सरकत राहिला. मी लवकरच मेलो. ताईंनी मला परत जिवंत करायचं बटण दाबलं नाही. मशिन बंद केलं आणि ओढणीने आधी दुसरी बाजू पुसली, मग आपली. मला त्या बाईंसाठी काहीतरी करावंसं वाटलं आणि माझ्याकडे पिशवीत एका झिजलेल्या दांडीशिवाय काही नव्हतं.

तीच घेऊन मी घोटीला गेलो. या खेपेला निरोप नव्हता, हॉटेलचं काम पण नव्हतं. मी आपण होऊन गेलो, आणि असं मी कोणत्याही गिऱ्हाइकासाठी केलेलं नाही. कारागिराने घरात जावं, सामान बदलावं आणि बाहेर पडावं. दुसऱ्याच्या घरातलं तोंडात धरून गावभर फिरू नये हे मला कळतं. पण ती दांडी घरी माझ्या टेबलावर आठवडाभर पडून होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मिलिंदच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी दांडी काचेच्या काउंटरवर ठेवली आणि सांगितलं, तुमच्या बाजूची आहे, झिजली म्हणून बदलावी लागली.

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "माझ्या बाजूला कोण खेळतं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "तुम्ही नुसते उभे असता. तुम्हाला मारायला येतात त्यांना ताई आवरतात, मग इकडे येऊन तुम्हाला थोडं पुढे नेतात. नाहीतर पडदा सरकत नाही."

एक बाई चार्जरची वायर विचारायला आली, तिला त्याने मानेनेच नाही म्हटलं, आणि वायरी तर मागे टांगलेल्या दिसत होत्या. मग त्याचा उजवा हात दांडीवर गेला. बूड काउंटरवर टेकवून त्याने ती धरली, आणि डावा हात शेजारी काचेवर आला. तिथे बटणं नव्हती. त्याची बोटं तिथेच थांबली.

"लय मार खायचो मी," तो म्हणाला. "तीच वाचवायची."

एवढंच. पुढे तो येतो म्हणाला नाही की येत नाही म्हणाला नाही. मी दांडी परत मागितली नाही आणि त्याने ती दिली नाही.

ही गोष्ट यंदाच्या उन्हाळ्यातली. ताईंना मी घोटीला गेल्याचं सांगितलेलं नाही. त्यांचा फोन आलेला नाही, आणि मी केला नाही, कारण नाही आला हे शब्द त्यांच्या तोंडून परत ऐकायची माझी छाती नाही. लोक मला अजून विचारतात, खेळावर एवढा पैसा घालवणारी माणसं असतात तरी कशी? मी किंमत सांगतो आणि गप्प बसतो.

दिवाळी झाली की उपनगरला ताईंकडे सर्व्हिसिंग आहे. सामान काढून ठेवलंय, हत्यारं पुसून ठेवलीत. या वेळी फळी उलटी केली की मी दांडीकडे बघणारच नाही. दुसऱ्या बाजूचं मारायचं बटण तेवढं बघणार आहे.